किल्लारी आणि भूकंपमापकांचे जाळे

लातूरच्या भूकंपाची तारीख परदेशी नोंदींत शोधली तर ती २९ सप्टेंबर १९९३ अशी सापडते. आपल्याला मात्र ती ३० सप्टेंबर म्हणून पाठ आहे. दोन्ही बरोबर आहेत. भूकंपाच्या नोंदी जगभर ग्रीनिच वेळेनुसार ठेवतात आणि आपले घड्याळ ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे असते. किल्लारीला पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटे होत आली होती, तेव्हा ग्रीनिचला आदल्या दिवशीचे रात्रीचे १० वाजून २६ मिनिटे होत आली होती. गणपती विसर्जनाहून परतलेली गावे गाढ झोपेत होती. दगड-मातीच्या जाड भिंती आणि त्यांवर मातीचे जड माळवद अशा घरांखाली लातूर आणि उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांत आठ ते दहा हजार माणसे दगावली. भूकंपाची तीव्रता ६.२ होती. जगाच्या हिशेबात ही फार मोठी म्हणता येणार नाही.

या भूकंपावर आपल्याकडे बरेच लिहिले गेले. पुनर्वसनावर, घरबांधणीवर, दानशूरांवर आणि अफवांवरही. भूकंप मोजतात कसा आणि तो मोजण्याची आपली तयारी त्या वेळी कितपत होती, यावर त्या मानाने कमी लिहिले गेले. शाळेत आपण भूकंपमापकाची आकृती काढून घेतो: टांगलेले वजन, लेखणी, फिरणारे नळकांडे. आकृती बरोबर असते, पण ती एकाच यंत्राची असते. एकट्या यंत्राला धक्का बसला एवढेच कळते. धक्का नेमका कुठून आला आणि किती खोलून आला, हे सांगायला अनेक यंत्रे लागतात, त्यांची घड्याळे जुळलेली असावी लागतात आणि त्यांच्या नोंदी एका जागी याव्या लागतात. भूकंपमापनाचा गेल्या सव्वाशे वर्षांचा इतिहास म्हणजे बऱ्याच अंशी या तीन गोष्टी जमवण्याचा इतिहास आहे.

भारतातला पहिला भूकंपमापक १८९७ च्या आसाममधल्या प्रचंड भूकंपानंतर बसला, १ डिसेंबर १८९८ रोजी कलकत्त्याला अलिपूर येथे. लगेच पुढच्या काळात मुंबईची कुलाबा वेधशाळा आणि कोडाईकनाल यांचा नंबर लागला. कुलाब्याचे संचालक तेव्हा नानाभाई मूस होते. या वेधशाळेचे ते पहिले भारतीय संचालक. मोजमापाच्या बाबतीत मोठा काटेकोर माणूस. मुंबईत विजेच्या ट्राम येणार असे ठरले, तेव्हा ट्रामच्या विद्युतप्रवाहाने कुलाब्याच्या चुंबकीय नोंदी बिघडतील हे ओळखून त्यांनी चुंबकीय वेधशाळा अलिबागला हलवली. हलवली म्हणजे नुसती उचलून नेली नाही. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षे दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या, म्हणजे जुन्या आणि नव्या मालिकेचा सांधा जुळावा. प्रयोगाची जागा बदलताना काय करावे, याचा इतका चांगला नमुना पाठ्यपुस्तकांत का नसतो, कोण जाणे.

कुलाब्याचे यंत्र मिल्न यांच्या पद्धतीचे होते. आडवा लंबक हलला की प्रकाशाचा ठिपका फोटोच्या कागदावर सरके. त्यात एक मोठी खोट होती. लंबकाला आवर घालणारे काही नव्हते, त्यामुळे पहिल्या लहरीने एकदा हलला की तो आपल्याच तालावर हलत राही. नंतर आलेल्या लहरी कोणत्या आणि लंबकाचे स्वतःचे झोके कोणते, हे वेगळे करणे अवघड जाई. १९०६ च्या सुमारास रशियात गॅलित्झिन यांनी वजनाला तारेचे वेटोळे जोडले आणि ते चुंबकाच्या ध्रुवांमध्ये हलू दिले. वेटोळे हलले की प्रवाह निर्माण होतो, तो तारेतून हव्या त्या खोलीत नेता येतो आणि तिथे गॅल्व्हानोमीटरवर वाचता येतो. मोजणारे यंत्र एकीकडे आणि नोंद दुसरीकडे, ही सोय तेव्हापासून आली. पुढे नोंद दुसऱ्या गावात आणि दुसऱ्या देशात घेण्याची वाट इथूनच सुरू होते.

भूकंपाची जागा कशी काढतात, ते वर्गात करून पाहण्यासारखे आहे. भूकंपातून निघणाऱ्या प्राथमिक लहरी वेगाने येतात आणि दुय्यम लहरी मागून. आपण केंद्रापासून जितके दूर, तितके या दोघींमधले अंतर वाढते, जसे सायकलवाला आणि पायी चालणारा एकाच वेळी निघाले तर होते तसे. दोन्ही लहरींच्या पोचण्यात जितके सेकंद जातात, त्यांना ८ ने गुणले की अंतर ढोबळमानाने किलोमीटरमध्ये मिळते. किल्लारीपासून हैदराबादची वेधशाळा सुमारे २१८ किलोमीटरवर आहे, तर पुणे सुमारे २९५ किलोमीटरवर. सूत्र उलटे लावले तर हैदराबादला दोन लहरींत सुमारे २७ सेकंदांचे आणि पुण्याला सुमारे ३७ सेकंदांचे अंतर पडायला हवे. नकाशावर हैदराबादभोवती आणि पुण्याभोवती त्या त्या त्रिज्येची वर्तुळे काढायची. ती जिथे छेदतात तिथे भूकंप. छेद दोन मिळतात, म्हणून तिसरे केंद्र लागते.

आता नकाशा खरोखरच घ्या. एक सेंटिमीटरला वीस किलोमीटर असे प्रमाण ठरवून पुण्याचे वर्तुळ पावणेपंधरा सेंटिमीटर त्रिज्येने आणि हैदराबादचे जवळजवळ अकरा सेंटिमीटर त्रिज्येने काढा. एक अडचण दिसेल. पुणे, किल्लारी आणि हैदराबाद जवळजवळ एका रेषेत आहेत. वर्तुळे एकमेकांना नीट कापत नाहीत, नुसती खेटतात. समजा अंतर मोजताना थोडी चूक झाली आणि वर्तुळे दोन किलोमीटरने एकमेकांत शिरली. मग त्यांचे छेदबिंदू त्या रेषेच्या उत्तरेला आणि दक्षिणेला सुमारे बावीस-बावीस किलोमीटरवर जातात. म्हणजे भूकंपाच्या दोन संभाव्य जागा एकमेकींपासून पंचेचाळीस किलोमीटर दूर. तिसरे केंद्र म्हणून मुंबई घेतली, तर तीही दुर्दैवाने त्याच रेषेवर आहे. दोन किलोमीटरची चूक म्हणजे वेळेत पाव सेकंदाची चूक. ज्या कागदी नळकांड्यांवर एका मिनिटाला साठ मिलिमीटर कागद सरकतो, तिथे पाव सेकंद म्हणजे पाव मिलिमीटर. पेन्सिलीची रेघही याहून जाड असते.

प्रत्यक्षात शास्त्रज्ञ तीन केंद्रांवर थांबत नाहीत. ६.२ तीव्रतेच्या भूकंपाची नोंद जगभर होते आणि शेकडो केंद्रांच्या वेळा जुळवून जागा काढता येते. पण लहान धक्क्यांच्या लहरी दूर पोचेपर्यंत विरून जातात. किल्लारीच्या बाबतीत प्रश्न लहान धक्क्यांचा होता. १९९२ च्या पावसाळ्यापासून त्या भागात हादरे जाणवत होते आणि १८ ऑक्टोबर १९९२ चा धक्का तर चारच्या आसपास तीव्रतेचा होता. पुढे नोव्हेंबरनंतर धक्के ओसरले आणि अकरा महिन्यांनी मोठा भूकंप आला. धक्क्यांची माळ नेमकी कोणत्या रेषेवर होती आणि जमिनीखाली किती खोल होती, हे सांगू शकेल असे दाट जाळे त्या परिसरात तेव्हा नव्हते.

खोलीचा प्रश्न तर जागेहूनही अवघड आहे. भूकंपाची नाभी सहा किलोमीटर खोल आहे असे समजा. हैदराबाद २१८ किलोमीटरवर. पायथागोरसचे प्रमेय लावले तर लहरीचा तिरका मार्ग २१८.०८ किलोमीटर येतो. भूकवचाचे थर बाजूला ठेवले आणि लहरीचा वेग सेकंदाला सहा किलोमीटर धरला, तर नाभी जमिनीलगत असणे आणि सहा किलोमीटर खोल असणे यांत फरक पडतो सेकंदाच्या सत्तराव्या भागाएवढा. तो कागदावर दिसणे शक्यच नाही. तेच केंद्र दहा किलोमीटरवर असते, तर फरक पाव सेकंदाहून अधिक पडला असता. खोली कळायची तर यंत्र भूकंपाच्या उशाशीच हवे. कितीही उत्तम यंत्र दूर ठेवले तरी ही उणीव भरून निघत नाही. दहावीच्या विद्यार्थ्यांकडून हे गणित जरूर करून घ्यावे. वर्गमूळ काढायला इतके चांगले निमित्त क्वचित मिळते.

मग मराठवाड्यात यंत्रे का नव्हती? याचे उत्तर कोयनेत आहे. कोयना धरणात १९६१-६२ पासून पाणी अडवले गेले आणि आसपास हादरे जाणवू लागले. खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन संस्थेने १९६३ पासून धरणाभोवती भूकंपमापक बसवले. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे तिथे ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला आणि सुमारे १८० माणसे गेली. त्या वेळी धरणाच्या आतल्या बोगद्यात एक वेगळ्या जातीचे यंत्र होते. हे यंत्र एरवी झोपलेले असते आणि जोराचा धक्का बसला की जागे होऊन जमिनीचे त्वरण नोंदवते. नेहमीचे भूकंपमापक इतक्या जवळच्या भूकंपात कामाचे राहत नाहीत, लेखणी कागदाबाहेर जाते. या यंत्राने धरणाच्या लांबीच्या दिशेत गुरुत्वत्वरणाच्या ०.६३ पट, म्हणजे सेकंदाला सेकंदाला सहा मीटरहून अधिक त्वरण नोंदवले. भूकंपाच्या इतक्या निकट मिळालेल्या नोंदी तेव्हा जगात फार थोड्या होत्या. धरणांच्या बांधणीचा अभ्यास करणारे अभियंते आजही ही नोंद वापरतात.

पश्चिम महाराष्ट्रात यंत्रे आली ती धोका आधी दिसला म्हणून. मराठवाडा त्या वेळच्या नकाशावर भूकंपाच्या पहिल्या विभागात, म्हणजे सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. दख्खनचा जुना, स्थिर खडक, इथे काय होणार, अशी समजूत. जिथे भूकंप होत नाही असे मानले तिथे यंत्र बसवले नाही आणि यंत्र नाही म्हणून लहान भूकंप दिसले नाहीत. मग इथे भूकंप होत नाहीत ही समजूत आणखी पक्की झाली. हे वर्तुळ फक्त आपल्याकडेच होते असे नाही. पण त्याची किंमत आपण मोजली. किल्लारीनंतर भारतीय मानक १८९३ या संहितेत दुरुस्ती होऊन २००२ साली पहिला विभागच रद्द झाला आणि लातूर तिसऱ्या विभागात आले. (संहितेचा क्रमांक १८९३ आहे, ते साल नव्हे. विद्यार्थी हमखास फसतात.)

यंत्रांच्या नोंदी एकत्र आणण्याचे तंत्र देशात अजिबात नव्हते असेही नाही. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने १९६५ साली कर्नाटकात गौरीबिदनूर येथे इंग्रजी एल अक्षराच्या आकारात वीस भूकंपमापकांची रांग बसवली होती. त्यांचे संकेत तारेशिवाय, रेडिओलहरींवरून मध्यवर्ती खोलीत येत आणि एकाच घड्याळावर नोंदले जात. उद्देश होता दूरदेशीचे भूमिगत अणुस्फोट ओळखणे. १९८० च्या दशकात राष्ट्रीय सूचना केंद्राने जिल्ह्याची ठिकाणे उपग्रहाने जोडायला घेतली आणि १९८६ पासून अर्नेट या जाळ्याने शिक्षण-संशोधन संस्थांचे संगणक जोडले. तुकडे हाताशी होते. ते भूकंपमापकाला जोडले जायला किल्लारी घडावी लागली.

भूकंपानंतर हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेने किल्लारी परिसरात तात्पुरती यंत्रे बसवली. जर्मनीतील पोट्सडॅमच्या भूविज्ञान संस्थेचे पथकही आपली यंत्रे घेऊन आले. उत्तरधक्क्यांच्या शेजारी यंत्रे आली आणि खोली दिसू लागली. धक्के उथळ होते. याच संस्थेने पुढे किल्लारीला ६१७ मीटर खोल विंधनछिद्र घेतले. त्यात ३३८ मीटरपर्यंत काळा बेसॉल्ट लागला, त्याखाली अवघा आठ मीटर जाडीचा गाळाचा खडक आणि मग अतिप्राचीन पायाभूत खडक. बेसॉल्टचे आवरण किती जाड आहे हे माहीत झाले, की लहरींचा वेग नीट धरता येतो आणि आपण वर केलेल्या हिशेबातली गृहीतके सुधारतात. किल्लारीपासून जवळच माकणीला निम्न तेरणा धरण आहे. त्याच्या पाण्याने भूकंप ओढवला का, यावर तज्ज्ञांत बरीच वर्षे वाद चालला. १९९२ च्या धक्क्यांच्या जागा आणि खोल्या हाताशी असत्या, तर या वादात दोन्ही बाजूंना अंदाजाऐवजी आकडे वापरता आले असते. भूकंपाचे भाकीत त्याने झाले असते असे मात्र म्हणता येत नाही. अमुक दिवशी भूकंप होईल असे सांगण्याची विद्या आजही कुणाजवळ नाही.

१९९० च्या दशकात यंत्रही आतून बदलले. पूर्वी वजन हलू द्यायचे आणि ते किती हलले ते पाहायचे. नव्या यंत्रात वजन हलूच देत नाहीत. ते जागचे सरकू लागले की इलेक्ट्रॉनिक मंडल ताबडतोब उलटा जोर लावून त्याला जागेवर धरते आणि त्यासाठी किती जोर लागला तेच मोजते. वाण्याचा तराजू आठवा: पारडे किती खाली गेले हे न बघता, ते समपातळीत ठेवायला किती वजन टाकावे लागले ते आपण बघतो. असा भूकंपमापक मंद, लांब लहरीही टिपतो आणि जलद, छोट्याही. दुसरा बदल अंकीकरणाचा. वीस सेंटिमीटर रुंद कागदावर अर्ध्या मिलिमीटर जाडीच्या रेघेने लिहिले, तर लहानात लहान आणि मोठ्यात मोठ्या हालचालीत चारशे पायऱ्या बसतात. २४ बिटांच्या अंकीय नोंदीत १,६७,७७,२१६ पायऱ्या बसतात. त्यामुळे पायाखालची कुजबूज आणि इमारती पाडणारा धक्का एकाच यंत्राला नोंदता येतो. तिसरा बदल घड्याळाचा. जीपीएस उपग्रहांवर अणुघड्याळे असतात, त्यांची वेळ प्रत्येक केंद्राला आकाशातून मिळू लागली. केंद्र कराडचे असो की दिल्लीचे, दोघांचा सेकंद एकच. मिल्नच्या काळी केवढा खटाटोप करूनही हे साधत नव्हते.

महाराष्ट्राच्या भूकंप पुनर्वसन कार्यक्रमाला जागतिक बँकेचे साहाय्य होते. त्यातून भारतीय हवामान खात्याच्या दहा वेधशाळांत जागतिक दर्जाची अंकीय यंत्रे आली. पुणे आणि कराड त्यांत होते. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर सतरा केंद्रे उपग्रहाद्वारे थेट जोडली गेली, नोंद त्याच क्षणी दिल्ली-हैदराबादला पोचू लागली. २०१४ साली भूकंपमापनाचे काम हवामान खात्यातून वेगळे काढून राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्र स्थापन झाले. त्याच्या जाळ्यात आता देशभरची दीडशेहून अधिक केंद्रे आहेत.

नांदेडची गोष्ट यातच येते. १९८१ साली तिथे निघालेल्या श्री गुरु गोबिंदसिंगजी अभियांत्रिकी महाविद्यालयाने उपकरणशास्त्र हा विषय शिकवायला घेतला. किल्लारीनंतर वर्षभरात, १७ सप्टेंबर १९९४ रोजी, स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ सुरू झाले. २००६ पासून नांदेड शहरात जमिनीतून स्फोटासारखे आवाज आणि बारीक हादरे येऊ लागले. लोक रात्री रस्त्यावर बसत. किल्लारीची आठवण ताजी होती, त्यामुळे घबराट स्वाभाविक होती. या वेळी मात्र हैदराबादच्या संस्थेने शहरातच अंकीय भूकंपमापक बसवले आणि धक्क्यांच्या जागा शहराखालीच, अगदी उथळ असल्याचे दाखवले. आवाजाचे गूढही त्यातच उलगडते. उथळ भूकंपाच्या लहरी वाटेत फारशा विरत नाहीत, सेकंदाला वीसहून अधिक कंपने असलेला त्यांचा भाग जमिनीवर पोचतो, हवेला हलवतो आणि आपल्या कानाला ऐकू येतो. खोल भूकंपात हा भाग वाटेतच संपतो. १९९२ साली किल्लारीकरांना जे कुणी सांगू शकले नाही, ते नांदेडकरांना सांगता आले: हादरे कुठून येतात आणि ते आपल्या किती जवळ आहेत.

२१ मार्च २०२४ च्या सकाळी ६ वाजून ८ मिनिटांनी हिंगोली जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचा धक्का बसला आणि ११ मिनिटांनी ३.६ चा. नांदेड-परभणीतही घरे हलली. त्याच वर्षी १० जुलैला सकाळी पुन्हा ४.५. थोड्याच वेळात हे आकडे दूरध्वनीच्या पडद्यावर होते. भूकंपाच्या अशा बातम्यांत 'खोली १० किलोमीटर' हा आकडा वारंवार दिसतो. तो दिसला की विद्यार्थ्यांना थोडे थांबवावे. जवळ पुरेशी केंद्रे नसली आणि खोली नीट निघत नसली, की जगभरच्या नोंदींत ती दहा किलोमीटर धरून ठेवण्याची पद्धत आहे. म्हणून तो आकडा मोजलेला आहे की धरलेला, हे विचारायला हवे, आणि त्यासाठी पहिला प्रश्न हा की, सर्वांत जवळचे यंत्र किती किलोमीटरवर होते?